दार बंद करून रसायनशास्त्र

‘नमस्कार, माझ्या लाडक्या विद्यार्थ्यांनो!’ असं तो मोबाइलमधला सर म्हणाला की माझं डोकं फिरायचं. मी त्याची लाडकी नव्हते. त्याने मला कधी पाहिलेलंही नव्हतं. माझं वय बेचाळीस, त्याचं फार तर सव्वीस, आणि तो मला प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला बजावायचा की पाण्याची बाटली जवळ ठेवा, आळस झटका आणि आईबाबांना सांगा, आता तासभर हाक मारू नका. आई माझ्या मागेच मेथी निवडत बसलेली असायची. ती म्हणायची, "सांग त्याला, आईला कळलंय म्हणून."

मी माटुंग्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. भांडी धुणं, टेबलं पुसणं, बाटल्या भरणं हे माझं काम. माझ्याआधी हेच काम माझे वडील करायचे. एका दुपारी बरं वाटत नाही म्हणून ते कॉलेजातून लवकर घरी आले, आतून कडी लावून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. आई गावाला होती. मी दादरला साडीच्या दुकानात घड्या घालत होते. संध्याकाळी आले तेव्हा दार वाजवणारी पहिली मीच. त्यांच्या जागी अनुकंपेवर मला घेतलं, त्याला आता पंधरा वर्षं झाली.

या पंधरा वर्षांत मी किती ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेल्या मापनळ्या, धुतल्या असतील ते मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. पण एक सांगते, कुठल्या ब्युरेटची तोटी गळते आणि कुठल्या मुलाने परमँगनेट सांडून ते पायाने पुसलंय, हे मला दारातून कळतं. आमचे प्रयोगशाळा सहायक वर्षअखेरीला निवृत्त होणार होते. बाटल्यांवर सही त्यांची असायची आणि आतलं द्रावण मी बनवलेलं असायचं. विभागाच्या मॅडमनी मला बोलावून सांगितलं की त्या जागेवर तुझं नाव पाठवायला माझी ना नाही, पण नियमाप्रमाणे बारावी सायन्स पास हवं. नाहीतर बाहेरचा माणूस येईल. सहायकांना हे कळलं तेव्हा ते हसून म्हणाले, या वयात कशाला त्रास करून घेता बाई. त्यांचं हसणं पाहून मी त्याच दिवशी कोर्सला नाव घातलं.

बारावीत माझा एकच विषय राहिला होता, रसायनशास्त्र. माझ्यासारख्या बाहेरून बसणाऱ्यांना तो विषय आता ऑनलाइन करता येतो. व्हिडिओ बघायचे, सराव परीक्षा द्यायच्या आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एक चाळणी परीक्षा द्यायची. ती पास झालं तरच मुख्य परीक्षेचा फॉर्म भरता येतो. चाळणीला संधी दोन. वाचून वाटलं, अगदी सोपं आहे.

कसलं सोपं! सराव परीक्षेत प्रश्न आला, ब्युरेटचं माप वाचताना द्रवाची वरची कडा पाहावी की खालची? वर चित्र होतं जांभळ्या परमँगनेटचं. आता परमँगनेट इतकं गडद असतं की खालची कडा दिसतच नाही. वरचीच वाचतात. मी ‘वरची’ लिहिलं. स्क्रीनवर प्रयोगशाळेतल्या काचेच्या चंबूचं एक रडकं चित्र आलं आणि तो चंबू म्हणाला, ‘अरेरे! पुन्हा प्रयत्न करूया!’ मी शंकेच्या चौकटीत सगळं सविस्तर लिहून पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं की तुमची शंका सोडवण्यात आली आहे, समाधान झालं का? मी ‘नाही’ दाबलं. तर त्याच व्हिडिओची लिंक आली, ज्यात तो सर जांभळ्या ब्युरेटकडे बोट दाखवून खालची कडा वाचा म्हणत होता. त्या सराव परीक्षेत मला पुढे जायचं होतं म्हणून मी शेवटी ‘खालची’ लिहिलं. चंबू नाचायला लागला. मी मोबाइल गादीखाली ठेवून दिला.

तो चंबू काही गादीखाली गप्प बसायचा नाही. एक दिवस व्हिडिओ बघितला नाही की पहाटे नळाला पाणी यायच्या वेळी संदेश यायचा, ‘आम्हाला तुमची आठवण येतेय!’ हातात हंडा, खांद्याला मोबाइल, आणि याला माझी आठवण. इमारतीत नेटवर्कची बोंब. बीडीडी चाळीच्या भिंती जाड, त्यात बाजूच्या इमारती पाडल्यापासून दिवसभर धूळ, खिडकी उघडायची सोय नाही. सर नेमका ‘आणि हे कायम लक्षात ठेवा’ म्हणायचा आणि तोंड उघडं ठेवून थांबायचा. मी त्याच्या उघड्या तोंडाकडे बघत पाच-पाच मिनिटं बसलेली आहे. काय लक्षात ठेवायचं होतं ते आजही मला माहीत नाही.

एकदाच मी त्याच्यावर खूश झाले. तो मँगनीजचा तपकिरी डाग समजावत होता. परमँगनेटमधून तयार झालेलं मँगनीज डायऑक्साइड कसं आम्लाबरोबर क्षपण होऊन विरघळतं आणि रंग निघून जातो, याला त्याने चाळीस मिनिटं घेतली. आणि माझ्या डोळ्यांसमोर एकदम आमची मोरी आली. वडील कामावरून यायचे तेव्हा त्यांची बोटं तपकिरी असायची. जेवायच्या आधी ते मोरीत उकिडवे बसून अर्ध्या लिंबाने बोटं चोळायचे आणि डाग जायचा. लहानपणी मला तो जादूचा प्रयोग वाटायचा. मी विचारायची, कुठे गेला? ते म्हणायचे, लिंबाने खाल्ला. त्यांना याहून जास्त माहीत नव्हतं. मला आता माहीत होतं, आणि सांगायला ते नव्हते. मी उगाच आईवर खेकसले की मेथीत माती राहते म्हणून.

पहिली चाळणी परीक्षा एका रविवारी अकराला होती. आई विहारात गेली. नियमांची यादी दोन पानं होती. खोलीत एकटंच असायचं. दार आतून बंद पाहिजे. बोलायचं नाही, ओठ हलवायचे नाहीत, मान वळवायची नाही. सुरू करण्याआधी मोबाइल गोल फिरवून चारी भिंती दाखवायच्या. मी आमची एकशेसाठ फुटांची खोली दाखवली. त्याला गोल फिरावंही लागत नाही. मग बसले. नवव्या मिनिटाला लाल पट्टी आली, खोलीत दुसरी व्यक्ती आढळली. मी मागे बघितलं, तर मान वळवल्याची दुसरी पट्टी आली. मागे कुणी नव्हतं. भिंतीवर हार घातलेला वडिलांचा फोटो होता. त्या बिनडोक यंत्राने त्यांना कॉपी पुरवणारा ठरवलं आणि परीक्षा रद्द केली.

मी सहाय्यता केंद्राला लिहिलं की ती व्यक्ती पंधरा वर्षांपूर्वी वारली आहे. उत्तर आलं, ‘परीक्षेच्या वेळी सदर व्यक्तीला खोलीबाहेर थांबण्यास सांगावे.’ हे वाचून आई हसून हसून खाली बसली. मी हसले नाही. माझी एक संधी गेली होती.

दुसऱ्या वेळी मी फोटो उतरवून, कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवला. आणखी घोळ नको म्हणून समोरच्या आजींनाही सांगून ठेवलं की रविवारी अकरा ते एक माझी परीक्षा आहे. या आजी मूळच्या मालवणकडच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते. आता त्या एकट्याच असतात आणि दिवसभर दारात स्टुलावर बसून अख्ख्या मजल्याचा पहारा करतात. त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली आणि नीट जा म्हणाल्या. ‘नीट जा’ या शब्दांवर मी तिथेच थांबायला हवं होतं. माझ्या डोक्यात तेव्हा समीकरणं चालू होती.

आमच्या चाळीत दिवसा दार बंद नसतं. सकाळी उघडलं की रात्री निजतानाच लागतं, मधे नुसता पडदा. बाहेर गेलात तर बाहेरून कुलूप आणि किल्ली समोरच्या घरी. कपडे बदलायला पाच-दहा मिनिटं दार लोटलं तर कुणी काही म्हणत नाही. पण भरदिवसा आतून कडी लागली की पॅसेजमधल्या बायका एकमेकींकडे बघायला लागतात. घरात भांडण आहे, नाहीतर कुणाला तरी बरं नाही.

आजींच्या हिशेबाने परीक्षा म्हणजे तिकडे जाऊन द्यायची गोष्ट. त्यांनी सव्वाबारापर्यंत दम धरला. त्यांना दिसत होतं ते असं, ही पोरगी परीक्षेला जाणार होती, बाहेरून कुलूप नाही, आतून कडी आणि चपला दाराशी.

मी चौतिसाव्या प्रश्नावर होते. चांगली चालली होती परीक्षा, पहिल्यांदाच. दारावर टकटक झाली. आजींचा आवाज आला, "चेडवा, आसस मा गो?" आहेस ना, एवढंच विचारत होत्या. मला बोलायचं नव्हतं. ओठसुद्धा हलवायचे नव्हते. टकटक वाढली. मी जितकी गप्प, तितकं बाहेर घाबरणं वाढत गेलं. एकाची दोन माणसं झाली, दोघांची पाच. कुणीतरी माझ्या मोबाइलवर फोन लावायला सांगितलं. मी डोळे स्क्रीनवर गाडून बसले होते आणि मनात म्हणत होते, जा, देवा, हे लोक जाऊ देत. पस्तिसावा प्रश्न मी चार वेळा वाचला. मग पॅसेजच्या टोकाला राहणाऱ्या पोलीस भाऊंनी दाराला खांदा दिला. कडी जुनी होती. एका दणक्यात सुटली.

आत सगळ्यांत पुढे आजी, त्यांच्या हातात फोडलेला कांदा, मागे चार जण. मी चटईवर ताठ बसलेली, समोर मोबाइल. यंत्राने इमानदारीत लिहिलं, खोलीत सहा व्यक्ती आढळल्या. परीक्षा समाप्त.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. पोलीस भाऊ कडी हातात घेऊन मुकाट्याने निघून गेले. आजी तिथेच उभ्या राहिल्या, म्हणून उरलेलं सगळं त्यांच्या वाट्याला आलं. तुम्हाला दुसऱ्याच्या दारात नाक खुपसल्याशिवाय चैन पडत नाही, मी म्हणाले. तुमच्यामुळे माझी नोकरी गेली. नोकरी गेली नव्हती, नुसती बढती गेली होती, पण मला तेव्हा ते एकच वाटत होतं. कांदा पदरात घेऊन आजी आपल्या घरात गेल्या आणि मला ऐकू येईल अशी त्यांनी कडी लावली.

दोन दिवस आम्ही बोललो नाही. आई मध्ये पडायला गेली तर मी तिलाही झापलं. आमचं दार बिनकडीचं, वाऱ्याने हलत राहायचं. सहाय्यता केंद्राला मी पुन्हा लिहिलं, आमच्या इमारतीत दिवसा दार बंद करायची पद्धत नाही, लोक काळजीने आत आले, कॉपी करायला नाही. त्यांच्या नेहमीच्या उत्तरातलं एक वाक्य मला पाठच झालं होतं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. कॉलेजात सहायकांनी विचारलं, काय बाई, झालात का शास्त्रज्ञ? मी त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली आणि त्यावर त्यांनी चुकीची लिहिलेली चिठ्ठी बदलली. एवढंच करू शकत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आजी दारात आल्या. आत आल्या नाहीत. हातात नवीन कडी, स्क्रूसकट. पहिल्यांदा त्याच बोलल्या.

"तुझो बापूस गेलो त्या दिवशी पोरां हय खेळत होती. आरडत होती. मीच त्यांका गप केलंय. म्हटलंय, तो दमान निजलो हा, दार वाजवू नकात." त्यांनी कडी उंबऱ्यावर ठेवली. "दोन वाजल्यापासून सांजपर्यंत मी स्टुलार बसान होतंय. एकदाव वाजवूक नाय."

मला हे माहीत नव्हतं. पंधरा वर्षं ही बाई माझ्यासमोर स्टुलावर बसत होती आणि मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं की कुणाच्या लक्षातच आलं नसेल, चाळ आपापल्या कामात असेल. आणि ही तर त्यांची झोप मोडू नये म्हणून पोरांना दटावत बसली होती. माझी सगळी चीड कुठे ठेवायची ते मला कळेना. मला रडायला आलं आणि त्याचाही राग आला. मी उंबऱ्यावरची कडी उचलली आणि म्हणाले, आजी, आत या, चहा टाकते. त्या आल्या. आम्ही चहा प्यायलो.

सहाय्यता केंद्रातून आठवड्याने चक्क एका जिवंत बाईचा फोन आला. तिने माझं पत्र वाचलं होतं. शिवाय परीक्षेचं चित्रण बघितलं होतं, आणि कांदा कशासाठी होता हे तिला जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं, चक्कर आलेल्याला हुंगायला देतात. ती म्हणाली की खास बाब म्हणून एक शेवटची संधी देते. पण नियम तेच, दार बंद, खोलीत एकटं, आवाज नाही.

हे आजींना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. दोन तास? त्यांनी विचारलं. आतून कडी? आवाज पण नाय? मी त्यांना मोबाइल दाखवला, परीक्षा यातच असते म्हणून सांगितलं, मी कुठे जात नाही, बसूनच असते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि शेवटी म्हणाल्या की ते सगळं खरं, पण तू बरी आहेस हे मला बाहेर कसं कळायचं? मी चिडून म्हणाले, आता काय तुम्हाला दोरी बांधून देऊ? त्यावर त्या म्हणाल्या, दे.

मग त्यांनीच घरातून परकराच्या नाडीचं बंडल आणलं. एक टोक माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याला. नाडी चटईखालून, दाराच्या फटीतून बाहेर, दुसरं टोक आजींच्या मनगटाला. त्यांनी एकदा ओढायचं, मी पाय दोनदा हलवायचा. नियमांची दोन पानं मी पुन्हा वाचून काढली. पायाच्या अंगठ्याबद्दल त्यात काही लिहिलेलं नव्हतं. आईने हे सगळं बघितलं, कपाळाला हात लावला आणि विहारात निघून गेली.

त्या रविवारी मी वडिलांचा फोटो पुन्हा उतरवला. नवीन कडी लावली. चारी भिंती दाखवल्या. पहिला प्रश्न आला आणि अंगठ्याला हिसका बसला. मी पाय दोनदा हलवला. आजींनी दर पाच मिनिटांनी ओढायचं ठरलं होतं, त्या दर दोन मिनिटांनी ओढत होत्या. मोलॅरिटीच्या गणितात असताना एकदा त्यांनी इतक्या जोरात ओढलं की माझा पाय चटईबाहेर गेला. मी चेहरा हलू दिला नाही. मनात त्यांना, त्या सराला, चंबूला आणि सहायकांना ओळीने शिव्या घातल्या आणि गणित सोडवलं. ब्युरेटची वरची कडा की खालची, तो प्रश्न आलाच. चित्र पुन्हा जांभळं. या वेळी मी ‘वरची’ लिहिलं. चूक तर चूक. खोटं लिहून सहायक व्हायचं नव्हतं मला.

एकेचाळिसावा प्रश्न होता, टायट्रेशन करताना आम्ल कमी पडलं तर चंबूत तपकिरी साका येतो, तो कशाचा? मी उत्तर लिहिलं आणि दोन क्षण थांबले. बाहेरून नाडी ओढली गेली. मी पाय हलवायला विसरले. लगेच दुसरा हिसका बसला, मग तिसरा. मी घाईघाईने चार वेळा पाय हलवला.

एकला पाच मिनिटं असताना मी शेवटचं बटण दाबलं. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, नेहमीसारखं. मग हिरवी पट्टी आली, उत्तीर्ण, मुख्य परीक्षेचा फॉर्म भरण्यास पात्र. तो नाचरा चंबूही आला आणि पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही.

अंगठ्याला हिसका बसला. मी पाय दोनदा हलवला, नीट, ठरल्याप्रमाणे, जोरात. आणि तरीही बाहेर दार वाजायला लागलं. एकदा, दोनदा, मग थांबून पुन्हा. मी नाडी सोडायलाही न थांबता लंगडत जाऊन कडी काढली. आजी दारात उभ्या होत्या, मनगटाला नाडी, हात अजून वर.

"आजी, मी पाय हलवला होता की."

"माहीत हा माका," त्या म्हणाल्या. "पण माका दार वाजवूचा होता."